शाईत मिसळलेला माणूस

‘लोकी’ ही सिरीज ज्यांनी बघितलीय त्यांना मोबियस वेगळा सांगायला नको. पिकलेले केस, जाडसर मिशी, सरकारी बाबूला शोभेल असा सूट आणि जेट-स्कीचं वेड. टाइम व्हेरियन्स अथॉरिटी नावाच्या अजब ऑफिसात हा गृहस्थ नोकरी करतो. कुणाच्या आयुष्यात कधी काय घडलं, काय घडायला हवं होतं आणि कुठे गडबड झाली, याच्या फायली सांभाळायच्या, हे त्याचं काम. ओवेन विल्सनने ते इतक्या सहज केलंय की लोकीपेक्षा मोबियसवर जीव जडलेली मंडळी प्रत्येक कॉलेजच्या कट्ट्यावर सापडतील.

हा मोबियस सिनेमावाल्यांनी शोधलेला नाही. कॉमिक्समध्ये तो पहिल्यांदा आला 1991 साली, ‘फँटॅस्टिक फोर’च्या 353व्या अंकात. लेखक-चित्रकार वॉल्टर सायमन्सनने त्याचा चेहरा मार्व्हलच्या ऑफिसातल्या एका जित्याजागत्या माणसावरून उचलला होता. मूळ कॉमिक्समधल्या या खात्यात तर सगळे साहेब एकाच चेहऱ्याचे, एकाच मिशीचे. ऑफिसात हसून हसून पुरेवाट झाली असणार, कारण तो चेहरा कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. मार्व्हलच्या काल्पनिक जगात कुठल्या साली काय घडलं, कोण कुणाचा चुलतभाऊ, कुठला व्हिलन नेमका कुठल्या अंकात मेला, हे ज्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं असा एकच माणूस तिथे होता. मार्क ग्रुनवाल्ड.

मार्कचा जन्म 18 जून 1953चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, ऑशकॉश नावाच्या गावात. सुपरहिरोंची दुसरी लाट आली तेव्हा तो प्राथमिक शाळेत होता. 1961 साली, म्हणजे मार्क आठ वर्षांचा असताना, डीसी कंपनीने ‘फ्लॅश’चा 123वा अंक काढला. त्यात त्या काळचा फ्लॅश, बॅरी ॲलन, चुकून दुसऱ्याच एका पृथ्वीवर जाऊन पोचतो. तिथे त्याला भेटतो चाळीसच्या दशकातला जुना फ्लॅश, जे गॅरिक. आता थोडा पोक्त झालेला. खरं तर ते जुनं कॉमिक बंद पडून बरीच वर्षं झाली होती. बॅरी स्वतः लहानपणी जेच्या गोष्टी वाचायचा, असंच आधी दाखवलेलं. म्हणजे बॅरीच्या दृष्टीने जे हा पुस्तकातला माणूस. आणि आता तो समोर उभा! त्या एका गोष्टीने वाचणाऱ्या पोरांना सांगितलं की बंद पडलेल्या गोष्टीतली माणसं संपत नाहीत, ती दुसरीकडे कुठेतरी जगतच असतात. दोन वर्षांनी डीसीने आपली आजची टीम जस्टिस लीग आणि जुनी टीम जस्टिस सोसायटी यांची गाठ घालून दिली, आणि मग दरवर्षी ही भेट ठरूनच गेली. मार्क या जस्टिस लीगचा भक्त होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

त्याच 1961मध्ये मार्व्हलने ‘फँटॅस्टिक फोर’ सुरू केलं आणि त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. वेगळ्या पृथ्व्या वगैरे नंतर बघू, आधी आमचे सगळे हिरो एकाच शहरात राहतात, न्यूयॉर्कमध्ये. 1963 साली स्पायडरमॅनचं स्वतःचं मासिक निघालं, तर पहिल्याच अंकात हा पोरगा फँटॅस्टिक फोरच्या ऑफिसात घुसतो. कशाला? टीममध्ये घ्या म्हणून, कारण घरात पैशांची ओढाताण चाललेली. तिथे पगार मिळत नाही असं कळल्यावर तसाच परत जातो. गोष्ट छोटीशी, पण वाचणाऱ्याला कळलं की हे सगळे एकमेकांना ओळखतात. एका मासिकात पडलेल्या भिंतीचा राडारोडा दुसऱ्या मासिकात दिसू शकतो.

यालाच कॉमिक्सवाले कन्टिन्युइटी म्हणतात. आपल्या भाषेत सलगता म्हणा हवं तर, पण त्यात सगळं येत नाही. कन्टिन्युइटी म्हणजे एक प्रकारचा करार आहे. जे एकदा छापलं ते घडलं. पुढचा लेखक कितीही मोठा असो, त्याने मागचं वाचून यायचं. मार्व्हलच्या चौकटींत कोपऱ्यात एक चांदणी असायची आणि खाली एडिटरची बारीक टीप, की हे प्रकरण अमुक मासिकाच्या तमुक अंकात घडलंय. आज आपण सिनेमा संपल्यावर अंधारात बसून राहतो ना, श्रेयनामावली संपेपर्यंत, त्या सवयीचं मूळ या बारीक टिपेत आहे. तिने एका पोराला दुसऱ्या मासिकाकडे ढकललं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. इंटरनेट नव्हतं. जुना अंक हवा असेल तर मित्राकडे मागा, नाहीतर रद्दीत शोधा.

पीटर पार्करची एटीकेटी

या कराराची खरी मजा पीटर पार्करमध्ये दिसते. 1965 साली तो शाळेतून बाहेर पडला, कॉलेजात गेला. त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी 1973 साली मेली, आणि ती मेली म्हणजे मेली. पुढच्या महिन्यात ती हसत परत आली नाही, पीटर ते विसरलाही नाही. वर्षानुवर्षं वाचणाऱ्याला ठाऊक असायचं की हा माणूस पुलावर उभा राहून गप्प का होतो, आणि लेखकाला ते सांगावं लागायचं नाही. 1978 साली एकदाचा पदवीदान समारंभ आला, तर कळलं की पठ्ठ्याने जिमचा एक विषय पूर्णच केलेला नाही, त्यामुळे पदवी नाही! तेरा वर्षं कॉलेज आणि वर एटीकेटी. ही पात्रं वाचकाबरोबर वाढतात, फक्त खूप हळू. पाच वर्षांपूर्वीचा अंक ज्याने वाचलाय त्याची ती आठवण फुकट जात नाही. महिन्याला काही सेंट देऊन घेतलेल्या स्वस्त कागदावरच्या गोष्टीने वाचकाच्या स्मरणशक्तीला इतका मान द्यावा, ही साधी गोष्ट नाही.

अर्थात, दर महिन्याला डझनावारी मासिकं छापायची म्हटल्यावर घोळ होणारच. सगळ्यात सुंदर घोळ कॅप्टन अमेरिकाचा. 1964 साली ‘ॲव्हेंजर्स’च्या चौथ्या अंकात तो बर्फात गोठलेला सापडला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासून, म्हणजे 1945पासून तो तिथेच होता, असं सांगितलं गेलं. छान. पण 1953-54मध्ये त्याच कंपनीने कॅप्टन अमेरिकाच्या गोष्टी छापल्या होत्या, त्यात तो कम्युनिस्टांना धोपटत फिरत होता! मग बर्फात कोण होतं? बहुतेक कंपन्यांनी अशा वेळी कानावर हात ठेवले असते. 1972 साली स्टीव्ह एन्गलहार्ट या लेखकाने हा घोळच गोष्टीला घेतला. पन्नासच्या दशकातला तो कॅप्टन अमेरिका दुसराच माणूस होता, त्याने नाव आणि चेहरा उसना घेतला होता, डोक्यात द्वेष भिनून तो बिघडला, आणि आता तो परत आलाय. खऱ्या कॅप्टनला आपल्याच कडवट, शंकेखोर रूपाशी लढावं लागतं. एक चूक निस्तरायला घेतली आणि त्यातून देशप्रेम म्हणजे काय यावरची एक भारी गोष्ट निघाली. भोक बुजवताना ठिगळच कापडाहून सरस निघावं, तसं.

मार्कसारख्या वाचकांना असली कामं बघून चेव यायचा. ऑशकॉशच्याच विद्यापीठात शिकून बाहेर पडलेला हा पोरगा कॉमिक्सकडे जसं बघत होता तसं तोवर फार कुणी बघितलं नव्हतं. 1977 साली त्याने कॉमिक्समधल्या वास्तवाचे नियम समजावणारी एक पुस्तिका स्वतःच काढली. काळात मागे जाऊन एखादी गोष्ट बदलली तर जुनं जग पुसलं जातं की त्याला नवी फांदी फुटते? दोन पृथ्व्या वेगळ्या आहेत हे कशावरून ठरवायचं? मग ‘ऑम्निव्हर्स’ नावाचं एक नियतकालिक. त्याचे दोनच अंक निघाले, पण त्यांत हे सगळं इतक्या गंभीरपणे मांडलेलं होतं की एखाद्या प्रबंधाला लाज वाटावी. आज ‘मल्टिव्हर्स’ हा शब्द पाचवीतलं पोरगंही वापरतं. तेव्हा हे विचारणारा माणूस म्हणजे जरा सर्किटच.

मार्व्हलने 1978 साली या सर्किटला असिस्टंट एडिटर म्हणून नोकरीवर घेतलं. पन्नास चुका दाखवणारं पत्र पाठवणाऱ्या वाचकालाच खुर्चीत बसवावं, तसला प्रकार. 1982पर्यंत तो पूर्ण एडिटर झाला होता आणि ‘ॲव्हेंजर्स’, ‘कॅप्टन अमेरिका’, ‘आयर्न मॅन’, ‘थॉर’ ही घरातली मोठी मासिकं त्याच्या टेबलावर आली.

कोण किती टन उचलतो

1983 साली आलं ते काम, ज्यामुळे मार्कचं नाव चाहत्यांत कायमचं राहिलं. ‘ऑफिशियल हँडबुक ऑफ द मार्व्हल युनिव्हर्स’. मूळ कल्पना मुख्य संपादक जिम शूटरची. बेसबॉलच्या खेळाडूंचे आकडे छापतात तसे सुपरहिरोंचे छापावेत, इतकीच. मार्कच्या हाती पडल्यावर त्याचा कोश झाला. खरं नाव, धंदा, जन्मगाव, लग्न झालंय की नाही, नातेवाईक कोण, पहिल्यांदा कुठल्या अंकात दिसला, उंची, वजन, डोळ्यांचा रंग. गुन्हेगारी पार्श्वभूमी आहे का, यासाठीसुद्धा वेगळा रकाना! कॅप्टन अमेरिका 6 फूट 2 इंच, 240 पौंड. स्पायडरमॅन 10 टन उचलू शकतो, थॉर 100च्या वर. पीटर सँडरसन जुने अंक उपसून इतिहास काढायचा, एलियट ब्राउन यंत्रांची आणि हत्यारांची आतून चिरलेली चित्रं काढायचा, जणू उद्या कुणी कारखान्यात बनवायला घेणार आहे. बारा अंक ठरले होते, पंधरा झाले. त्यातले दोन फक्त मेलेल्या आणि निवृत्त झालेल्या पात्रांचे, आणि शेवटचा निव्वळ हत्यारांचा. 1985पासून सुधारलेली आवृत्ती निघाली, ती वीस अंकांची.

याला वेडेपणा म्हणणारे तेव्हाही होते. गोष्टीतल्या माणसाचं वजन कशाला हवंय? जादूचं गूढ टनांत मोजलं की जादू उरते का? यात तथ्य आहेच. हल्ककडून कोण हरेल यावर कल्पना लढवायची सोडून पोरं तक्ते बघायला लागली, तर ते कौतुकाचं नाही. पण हँडबुक आजही वाचायला घेतलं तर आकडे बाजूला राहतात आणि वेगळंच काही हाती लागतं. एकदाच कुठल्याशा अंकात येऊन मार खाऊन गेलेला, लेखकसुद्धा विसरून गेलेला एखादा फालतू चोर घ्या. त्यालाही इथे जागा आहे. त्याचं जन्मगाव आहे, त्याचा भूतकाळ आहे. वीसेक वर्षं शेकडो हातांनी, डेडलाइनच्या धबडग्यात, एकमेकांना न विचारता रचलेलं जग. मार्कने त्यातल्या प्रत्येकाची नोंद घेतली आणि दाखवून दिलं की हे सगळं मिळून एकच आहे. शिवाय, ज्या पोरांना गावात मागचे अंक मिळायचे नाहीत त्यांच्या हातात पहिल्यांदा सगळा इतिहास आला. आजचे विकीवरचे चाहते जे करतात ते मार्कने छापील कागदावर, पगारी नोकरीत करून ठेवलं होतं.

आणि योगायोग बघा. डीसीने नेमकी त्याच सुमारास, 1985-86मध्ये, ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ ही बारा अंकी मालिका काढून आपल्या सगळ्या पृथ्व्या मोडल्या आणि एकच ठेवली. फार गुंता झालाय, नवा वाचक बिचकतो, हे कारण. त्यात बॅरी ॲलनचा, म्हणजे मार्कच्या लहानपणच्या फ्लॅशचा बळी गेला. एक कंपनी पसारा आवरायला घर पाडत होती आणि दुसऱ्या कंपनीतला हा माणूस तोच पसारा कपाटात नीट लावत होता.

लेखक म्हणून मार्कने सगळ्यात जास्त वर्षं दिली ‘कॅप्टन अमेरिका’ला. 1985च्या 307व्या अंकापासून 1995च्या 443व्या अंकापर्यंत, एखादा अपवाद सोडला तर सलग. दहा वर्षं एकाच पात्राबरोबर! लिहिणं नेहमीच अव्वल दर्जाचं होतं असं मी म्हणणार नाही. कॅप्टनला लांडगा बनवून टाकलेली 1992ची गोष्ट अजून चेष्टेचा विषय आहे, आणि ती चेष्टा योग्यच आहे. त्याचे संवादही अधूनमधून हँडबुकातल्या नोंदीसारखे वाटतात. पण त्याच्या डोक्यात येणारे प्रश्न कुणाच्याच डोक्यात यायचे नाहीत. बर्फात गोठलेला असताना कॅप्टन कागदोपत्री सैन्यात होता, मग त्याचा थकलेला पगार? मार्कने तो मिळवून दिला, जवळपास दहा लाख डॉलर. साध्यासुध्या लोकांना मदतीसाठी फोन करता यावा म्हणून कॅप्टनने त्या पैशांतून हॉटलाइन सुरू केली. सापांच्या नावाच्या गुन्हेगारांची त्याने टोळी केली, तर ती चक्क कामगार संघटनेसारखी. आत गेलात तर सोडवून आणायची हमी.

1987मध्ये त्याने मोठा डाव टाकला. सरकारी समिती कॅप्टनला बोलावून सांगते की हे नाव, हा पोशाख, ही ढाल सरकारी मालमत्ता आहे. आमच्या हुकमाखाली काम करा, नाहीतर सगळं परत द्या. स्टीव्ह रॉजर्स विचार करतो आणि ढाल टेबलावर ठेवून निघून जातो. त्याच्या जागी येतो जॉन वॉकर. ताकदवान, कडवा, आज्ञाधारक आणि आतून हादरलेला. ‘द फाल्कन अँड द विंटर सोल्जर’मध्ये रक्ताने माखलेली ढाल घेऊन उभा असलेला तो माणूस आठवतो? तो मार्कचाच. फ्लॅग-स्मॅशर हे नावही तिथलंच. हा प्रकार जवळजवळ दीड वर्ष चालला. इतके महिने मासिकाच्या नावातला हिरो दुसराच माणूस होता, आणि वाचक थांबून राहिले. कारण मागच्या चाळीसेक वर्षांत स्टीव्ह रॉजर्स कसा वागत आलाय हे त्यांना पाठ होतं. त्याने ढाल खाली ठेवली याचं वजन त्या आठवणीतूनच येत होतं. नवख्या पात्राने राजीनामा दिला असता तर कुणी ढुंकून बघितलं नसतं.

मार्कची एक कठोर बाजूही होती. फुटकळ, एकसारखे व्हिलन फार झालेत असं त्याचं मत पडलं. मग त्याने स्कर्ज नावाचा वेशांतर करून फिरणारा मारेकरी आणला, आणि इतर मासिकांच्या लेखकांनाही त्याला वापरायला दिलं. कुठल्याही मासिकात अचानक एखादा फालतू खलनायक गोळी खाऊन पडायचा. 1986 साली एका बारमध्ये एकदम अठरा जण गेले. ज्याने सगळ्यांची नोंद ठेवली त्यानेच ही छाटणी करावी, हे मला अजून जरा खटकतं. पण त्याचे ते मृत्यूही हँडबुकात रीतसर नोंदवले गेले.

दुसऱ्या पृथ्वीवर

मार्व्हलच्या मुख्य जगात मार्कचे हात बांधलेले होते. तिथे सगळं बदलतंय असं वाटायला हवं, पण पुढच्या महिन्यात मासिक निघायलाही हवं. स्पायडरमॅन म्हातारा होऊन चालत नाही, कॅप्टन अमेरिकाने जगातली गरिबी खरोखर संपवून चालत नाही. मग मार्कने एक बाजूची पृथ्वी शोधली. स्क्वॉड्रन सुप्रीम ही टीम रॉय थॉमस या लेखकाने 1971मध्ये केलेली, उघडउघड जस्टिस लीगची नक्कल. हायपेरिअन म्हणजे त्यांचा सुपरमॅन, नाइटहॉक म्हणजे बॅटमॅन. लहानपणापासून जस्टिस लीग लिहायची इच्छा असलेला, पण मार्व्हलचा पगार घेणारा माणूस यांच्याकडे वळला नसता तरच नवल.

1985च्या सप्टेंबरपासून 1986च्या ऑगस्टपर्यंत बारा अंक. आधीच्या एका गोष्टीत या टीमच्या मनाचा ताबा घेऊन शत्रूने त्यांच्याच हातून जग उद्ध्वस्त करून घेतलेलं असतं. मार्क तिथूनच धागा उचलतो. पश्चात्तापाने पोळलेले हे हिरो ठरवतात की एका वर्षात पृथ्वीवर स्वर्ग आणायचा. युद्ध बंद, भूक बंद, गुन्हे बंद. लोकांकडून बंदुका काढून घेतल्या जातात. गुन्हेगारांची मनं बदलणारं यंत्र बनवलं जातं. नाइटहॉक एकटा म्हणतो की हे चूक आहे, आणि बाहेर पडतो. मग त्यांच्यातलाच एक गोल्डन आर्चर तेच यंत्र आपल्या प्रेयसीवर वापरतो, तिने आपल्याला सोडू नये म्हणून. यंत्र बनवणारा टॉम थम्ब दुसऱ्यांचे रोग बरे करायच्या मागे असतो आणि स्वतः कॅन्सरने मरतो. शेवटच्या अंकात मित्र मित्रांशी लढतात, प्रेतं पडतात आणि कुणीही परत उठत नाही. नाइटहॉकचा प्रश्न साधा आहे. आज हे यंत्र तुमच्या हातात आहे म्हणून ठीक, उद्या कुणाच्या हातात जाईल? ॲलन मूरचं ‘वॉचमेन’ सगळ्यांना माहीत असतं. त्याचा पहिला अंक स्क्वॉड्रनच्या शेवटच्या अंकानंतरच्याच महिन्याचा आहे. चित्रं, भाषा, रचना यांत ‘वॉचमेन’ खूप पुढे आहे, वादच नाही. पण सुपरहिरोंच्या हाती खरंच सत्ता दिली तर काय, हा प्रश्न साध्या महिनेवार मासिकाच्या कपड्यांत मार्कने आधी विचारला होता.

डीसीने मारलेल्या फ्लॅशचंही त्याने आपल्या पद्धतीने बघितलं. मार्क ‘क्वेझार’ नावाचं अंतराळातल्या रखवालदाराचं मासिक लिहायचा, 1989 ते 1994, एकूण साठ अंक. त्याच्या सतराव्या अंकात मार्व्हलच्या सगळ्या वेगवान हिरोंची शर्यत लागलेली असते. मध्येच वीज कडाडते आणि लाल पोशाखाच्या चिंध्या अंगावर असलेला एक सोनेरी केसांचा अनोळखी माणूस ट्रॅकवर येऊन पडतो. त्याला आपलं नाव नीट आठवत नाही, ‘बरीड एलियन’ असं काहीतरी होतं म्हणतो. जोरात म्हणून बघा, कुणाचं नाव ऐकू येतंय ते. तो उठतो, धावायला लागतो आणि सगळ्यांना मागे टाकून शर्यत जिंकतो. कायद्याच्या दृष्टीने कुणाला काही बोलता येईना, आणि ज्या वाचकाला कळलं त्याच्या डोळ्यांत पाणी. दुसऱ्या कंपनीने मारलेल्या आपल्या हिरोला या माणसाने गुपचूप आपल्या घरात आसरा दिला होता.

1987पासून तो एक्झिक्युटिव्ह एडिटर होता आणि सगळ्या मार्व्हलच्या कन्टिन्युइटीचा रखवालदार. नव्वदीत मात्र वारं फिरलं. कॉमिक्स म्हणजे गुंतवणूक समजून पाच-पाच प्रती घेणारे लोक बाजारात आले आणि तसेच निघून गेले. खप घसरला. 1996च्या जानेवारीत मार्व्हलने मोठी कर्मचारी कपात केली. त्याच वर्षी डीसी आणि मार्व्हलच्या हिरोंची झुंज लावणारी चार अंकांची मालिका आली, काही लढतींचा निकाल वाचकांच्या मतांवर. डीसीकडून एडिटर होता माइक कार्लिन, मार्व्हलकडून मार्क. जस्टिस लीगच्या भक्ताला आपली दोन्ही जगं अखेर रीतसर एका पानावर बघायला मिळाली. पण मार्व्हलने तेव्हाच आणखी एक निर्णय घेतला होता. ‘ॲव्हेंजर्स’, ‘आयर्न मॅन’, ‘फँटॅस्टिक फोर’ आणि ‘कॅप्टन अमेरिका’ ही चार मासिकं बाहेरच्या दोन लोकप्रिय चित्रकारांच्या स्टुडिओंकडे द्यायची, आणि सगळं पुन्हा एक नंबरपासून सुरू करायचं. जुना इतिहास बाजूला. कॅप्टन अमेरिकाची 1968पासून चालत आलेली अंकांची माळ 454वर तुटली.

12 ऑगस्ट 1996ला मार्कला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. वय 43. हृदयाचा त्रास आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. तो ऑफिसातला नामांकित टवाळखोर होता, सहकाऱ्यांच्या खोड्या काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यामुळे बातमी ऐकल्यावर बऱ्याच जणांना आधी वाटलं, ही मार्कचीच नवी गंमत असणार. वर्ष संपायच्या आत मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्जही केला. नव्याने सुरू केलेली ती चार मासिकं वर्षभरच चालली. मग हिरो आपल्या जुन्या जगात, जुन्या आठवणींसकट परत आणले गेले, तेही गोष्टीतूनच कारण देऊन.

मार्कने एक इच्छा सांगून ठेवली होती. आपल्याला दहन करावं आणि राख कॉमिक्सच्या शाईत मिसळावी. त्याच्या पत्नीने आणि मार्व्हलमधल्या सहकाऱ्यांनी ती पाळली. ‘स्क्वॉड्रन सुप्रीम’चे बारा अंक तोवर पुस्तकरूपात आले नव्हते. 1997मध्ये ते निघालं, आणि पहिल्या छपाईच्या शाईत मार्कची राख कालवली गेली. हायपेरिअनच्या केपवर, नाइटहॉकच्या मुखवट्यावर, टॉम थम्बच्या प्रयोगशाळेच्या भिंतींवर.

ती पहिली छपाई जुन्या कॉमिक्सच्या बाजारात अजूनही अधूनमधून विकायला येते. पुस्तक पुढे पुन्हा छापलं गेलं, त्यामुळे घेताना आतल्या पानावरचं साल बघून घ्यावं लागतं. नंतरच्या छपायांमध्ये साधी शाई आहे.